नवी डिस्क दिसेना!

१९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ते दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आम्ही विहारातल्या लिनक्स संगणकात साठवले आहे. त्यातले बहुतेक आज नाहीत. डिस्क भरत आली म्हणून दुसरी १ टीबीची बसवली, तर ती कुठे दिसेचना.

संगणक बंद करून केबली तपासल्या. सॅटा डिस्कला दोन लागतात, एक विजेची, एक माहितीची. माहितीची सैल होती. ती घट्ट केल्यावर बायोसमध्ये डिस्क आली, पण फाइलींच्या यादीत नाहीच! टर्मिनलवर 'एलएसबीएलके' आदेश दिला तेव्हा कळले, डिस्क अगदी कोरी. विभाग पाडून फॉर्मॅट केल्याशिवाय तिच्यात काही ठेवता येत नाही.

आमचा एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "एसडीए जुनी, एसडीबी नवी. मारू फॉर्मॅट?" आम्ही त्याचा हात धरला. ही नावे संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी पडतात, बदलूही शकतात. आकार आणि डिस्कवर छापलेला अनुक्रमांक ताडून पाहिला, तर एसडीबी हीच जुनी निघाली. अंगावर काटा आला.

मग नवीच फॉर्मॅट केली. 'एफएसटॅब' फाइलीत एसडीए न लिहिता त्या विभागाचा न बदलणारा यूयूआयडी क्रमांक लिहिला. आता सगळे बोलणे दोन्ही डिस्कवर आहे. कुणाच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर रविवारी विहारात आणाव्यात.