गोळी चालू आहे, पण गुण नाही

थायरॉईड मंदावलेल्या भगिनींचे एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते : 'गोळी रोज घेते, पण अंगातला थकवा काही जात नाही.' त्यापाठोपाठ घरच्यांचे शेरे येतात. सासूबाई म्हणतात आळस आहे, शौहर म्हणतात जेवण कमी कर, डॉक्टर घाईघाईत म्हणतात गोळी चालू ठेवा. तिसरा-चौथा दवाखाना पालथा घातल्यावर त्या बाईला स्वतःचाच संशय येऊ लागतो.

हे दुखणे मनाचे नाही. गळ्यातली ही छोटी ग्रंथी सुस्तावली की सगळ्या शरीराची चाल मंदावते. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, पाळी बिघडते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. इलाज मात्र जुना, स्वस्त आणि भरवशाचा आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरे केले. १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार झाले. आज आपल्या घरातल्या बाटलीत असते ते हेच.

मग इतका पक्का इलाज का फसतो? बहुतेक वेळा उत्तर स्वयंपाकघरात सापडते. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. एवढेसे औषध पोटात नीट शोषले जायचे तर पोट रिकामे हवे आणि सोबत फक्त पाणी हवे. आमच्या घरांत काय होते? एका हातात गोळी, दुसऱ्या हातात दुधाचा चहा. त्याच वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी, कारण तीही 'उपाशीपोटी'. न्याहारीनंतर लगेच कॅल्शियम, लोह. कॅल्शियम आणि लोह या औषधाला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर हवे. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, त्यानेही डोस कमी पडू शकतो. कोबी-फ्लॉवरला मात्र उगाच बदनाम केले आहे. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

रमजानात घोटाळा वाढतो. कुणी खजूर-भज्यांबरोबर गोळी गिळते, तर कुणी महिनाभर बंदच ठेवते आणि ईदेला पाय सुजलेले असतात. खरे तर रोजा आणि ही गोळी यांत भांडण नाही. सहेरीच्या स्वयंपाकाला घरात सर्वांत आधी बाईच उठते. उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी, पोळ्या होईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. ते जमत नसेल तर रात्री तरावीहनंतर, शेवटच्या खाण्याला तीन तास झाल्यावर, झोपताना घ्यावी. मधेच थोडे फळ, थोडा शीरखुर्मा चालला तर हिशेब चुकला. वेळ कोणती ठेवायची ते शाबानमध्येच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हे औषध अंगात बरेच दिवस टिकते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर घाबरू नये. महिना चुकवणे ही वेगळी गोष्ट.

दुसरी अडचण डोसची. सुरुवातीला दिलेली २५ ची गोळी कितीतरी बायका वर्षानुवर्षे तशीच घेत राहतात. ग्रंथी पुरती थकली असेल तर साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे साठ किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. वयस्कर आणि हृदयरोगी माणसांना सावकाश वाढवावे लागते, म्हणून स्वतःच्या मनाने कुणी वाढवू नये. पण डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायला सांगितले नसेल, तर आपण विचारावे. विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी सांगावे, त्यांनी काही यंत्रांवर रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडणारेही खूप. तो चांगला आला गोळीमुळेच. 'थायरॉईड मुळापासून' घालवणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींवर आमचा काडीचा विश्वास नाही.

जिथे हयगय परवडत नाही ती जागा गरोदरपणाची. पहिले काही महिने पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर चालते आणि आईची गरज पाव-तीसेक टक्क्यांनी वाढते. पाळी चुकली की सातव्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. 'दिवस गेलेत, औषधे बंद कर' असे सांगणाऱ्या खालांना हे आधीच समजावून ठेवावे.

इतके सगळे सांभाळून, टीएसएच जागेवर येऊनही थकवा राहतो, अशाही बायका आहेत. त्यांना 'तुला काही झालेले नाही' म्हणून घरी पाठवणे आम्हाला अन्यायाचे वाटते. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, झोपेतले घोरणे यांची चौकशी व्हायला हवी. जाताना एका कागदावर गोळी किती वाजता, त्यानंतर चहा किती वाजता, दिवसभरातली इतर औषधे कोणती आणि जुने टीएसएच तारखांसह लिहून न्यावे. शौहर सोबत गेले तर उत्तमच. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेले त्यांच्याही कानावर पडेल.