होडीला वाटा मिळतो, मग कॅमेऱ्याला का नाही?

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर मासळीच्या हिशेबाची एक जुनी रीत आहे. मासळी विकून आलेल्या पैशांतून डिझेल, बर्फ असा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे असतात, तांडेलाचा असतो, आणि होडीचा व जाळ्यांचाही वाटा वेगळा काढला जातो. होडी जेवत नाही, तिला मुले नाहीत. तरी तिला वाटा मिळतो. उद्या फळी कुजली, जाळे फाटले, इंजिन बंद पडले, तर त्या वाट्यातूनच दुरुस्ती होते, हे सर्वांना ठाऊक असते.

याच गावांतली आपली मुले-मुली आता वेगळ्या होड्या चालवतात. कोणी लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो, कोणी घरात लॅपटॉपवर उर्दू-मराठी लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड तयार करते, कोणी रेकॉर्डिंग करून देतो. आमच्या वर्गातून गेलेले असे बरेच विद्यार्थी आज म्हसळा, मुरुड, श्रीवर्धन भागांत स्वतःच्या हिमतीवर कमावत आहेत. मात्र त्यांच्या कमाईत कॅमेऱ्याचा किंवा लॅपटॉपचा वाटा कोणी काढत नाही. मग एके दिवशी कॅमेरा बंद पडतो आणि घरात एकच वाक्य ऐकू येते, “हा खर्च अचानक आला.”

आमचे म्हणणे असे की, हा खर्च येणार हे ठरलेलेच असते. ठाऊक नसते ती फक्त तारीख.

कॅमेऱ्याचेच पाहू. अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या शटरचे आयुष्य साधारण १ ते २ लाख क्लिकचे धरले जाते. हळद, निकाह आणि वलीमा मिळून एका लग्नात २ हजार क्लिक सहज होतात. म्हणजे ५० लग्नांत १ लाख क्लिक झाले. लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. त्यात आपली हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, चार्जरच्या पिना गंजतात, वीज जाते-येते तेव्हा दाब वरखाली होऊन यंत्र जळते.

आणि ३ जून २०२० कोण विसरेल? निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले. पत्रे उडाले, पाऊस थेट घरात आला, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. लॉकडाऊनमुळे लग्नांची कामे आधीच बंद होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी घर, दुकान, बाग आणि होडी यांच्या नुकसानीबद्दल लोक बोलतात. भिजलेल्या लॅपटॉपविषयी कोणी विचारत नाही, कारण ते पोट भरण्याचे साधन आहे हे अजून आपल्या मनाने मानलेले नाही.

यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या कितीतरी घरांत आखातातून किंवा जहाजावरून दरमहा पैसे येत आले. त्यामुळे महिन्याला ठरावीक रक्कम आली तरच ती कमाई, अशी आपली सवय झाली. फोटोग्राफरची कमाई मात्र हंगामी असते. रमजानमध्ये आपल्याकडची लग्ने थांबतात, आणि रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो. चातुर्मासात हिंदू बांधवांची लग्ने थांबतात. मग मे महिन्यात चार लग्नांचे पैसे एकदम हातात आले की घराला वाटते, मुलगा चांगला कमावतो. त्यातून फ्रिज येतो, बहिणीच्या लग्नाला हातभार लागतो. सप्टेंबरात कॅमेरा बिघडतो तेव्हा हात रिकामे असतात. आमचा एक माजी विद्यार्थी अशाच एका बिघाडानंतर धंदा सोडून नोकरीसाठी कतारला गेला. काम उत्तम होते, गिऱ्हाईक होते; नव्हता तो फक्त कॅमेऱ्याचा वाटा.

हा वाटा किती असावा? समजा, कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश मिळून १,२०,००० रुपयांचे सामान आहे. ते चार वर्षे चालेल असे धरा. वर्षाला ३० कामे होतात, म्हणजे चार वर्षांत १२० कामे. प्रत्येक कामामागे १,००० रुपये हा झाला हत्याराचा वाटा. दुरुस्तीसाठी त्यात आणखी २००-३०० घाला. ही रक्कम पैसे हातात पडतील त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावी आणि घरच्यांनी ती आपली समजू नये. लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलीनेही प्रत्येक ऑर्डरमागे असाच हिशेब करावा. तिची कमाई म्हणजे वरखर्चाचा पैसा, हा समज तर घराने आधी सोडावा.

येथे नातेवाइकांचाही प्रश्न येतो. “घरचेच लग्न आहे, पैसे कसले?” असे चाचा किंवा फूफी म्हणतात, आणि मुलाला नाही म्हणता येत नाही. त्याने आपली मेहनत जरूर भेट द्यावी. पण क्लिक घरच्या लग्नातही तेवढेच झिजतात. निदान कॅमेऱ्याचा वाटा देण्याची रीत वडीलधाऱ्यांनीच सुरू करावी. लहानांना ते मागता येत नाही.

वाटा पुरेसा साठण्याआधीच बिघाड झाला तर? पहिली गोष्ट, घाईने नवे घेऊ नका. यंत्र भिजले असेल तर ते बंद करा, बॅटरी काढा, चार्जिंगला लावू नका आणि लवकरात लवकर दुरुस्तीला न्या. खारे पाणी तासातासाला आत गंज चढवते. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. हातात घेतलेले काम भाड्याच्या कॅमेऱ्याने पुरे करा. तालुक्यातल्या तीन-चार फोटोग्राफरांनी मिळून एक जादा कॅमेरा ठेवला तर सर्वांचीच अडचण सुटेल.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. दुकानात ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी दिसते. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात नसतोच. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या नावाने ग्राहकाकडूनच वसूल होते. म्हणून दोन आकडे कागदावर लिहून मागा: आज रोख दिले तर किती, आणि सर्व हप्ते व शुल्क मिळून किती. फरक डोळ्यांसमोर येईल. तोच कागद आपल्या आलिमांना दाखवून विचारा.

त्यापेक्षा कर्ज-ए-हसना हा मार्ग आपल्या घरातच आहे. मात्र तो तोंडी ठेवू नका. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्यास आणि साक्षीदार घेण्यास सांगितले आहे, आणि त्याआधी २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्यास. भावाभावांत लिहायचे कसे, अशी लाज वाटून घेऊ नये. लिहिलेले असले की नाते टिकते. परतफेडीचे महिने कामाचा हंगाम पाहून ठरवावेत.

शेवटी एक गोष्ट पैशापलीकडची. कॅमेरा पुन्हा घेता येतो, पण एखाद्या घरच्या निकाहचे फोटो गेले तर ते कोणत्याही रकमेने परत येत नाहीत. ती लोकांची अमानत आहे. काम झाल्याच्या रात्रीच दोन प्रती करा आणि एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. लॅपटॉपच्या बॅटरीत जोर नसेल, तर विजेसाठी यूपीएस घ्या. हा खर्चही हत्याराच्या वाट्यातूनच करायचा.

या महिन्यात घरातल्या कमावत्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा, “तुझ्या हत्याराचा वाटा निघतो का?” उत्तर नाही असे आले, तर पुढच्या कामापासून तो काढायला घरानेच मदत करावी. इन्शाअल्लाह, त्याच कमाईत बरकत दिसेल.