ट्रकचालकाला तपासणाऱ्या डॉक्टरला कोण तपासतं?

९ मे १९९९. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये प्रवासी बस महामार्ग सोडून बांधावर आदळली आणि २२ प्रवासी ठार झाले. चालकाला हृदय आणि मूत्रपिंडाचे गंभीर आजार होते, तरीही त्याच्याकडे तंदुरुस्तीचा दाखला होता!

मग दाखला देणाऱ्यांवर लक्ष कोणाचं?

त्यासाठी तिथे राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. २१ मे २०१४ पासून आंतरराज्य ट्रक-बसचालकांना फक्त नोंदणीकृत तपासनीसच दाखला देऊ शकतात. त्यांना आधी प्रशिक्षण आणि परीक्षा, मग दर पाच वर्षांनी उजळणी, दर दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा. तपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरावा लागतो. नियम मोडले तर नाव वगळलं जाऊ शकतं.

पण फटका चालकालाही बसतो. २०१८ मध्ये जॉर्जियातल्या एका डॉक्टरवर बनावट दाखले दिल्याचा आरोप झाला आणि त्याच्याकडून दाखला घेतलेल्या हजारो चालकांना पुन्हा तपासणी करून घ्यावी लागली.

नोंदणीमुळे सही कोणाची हे कळतं. त्या सहीआधी तपासणी खरंच झाली का, हे मात्र नियमित पडताळणीशिवाय कळत नाही. आणि त्याची किंमत मागे बसलेले प्रवासी मोजतात.