आधी जोतं, मग मजले

हल्ली महाडच्या पेठेत दोन माणसं बोलत उभी राहिली की चौथ्या वाक्याला 'रिडेव्हलपमेंट' येतेच. नगरपालिकेने अमुक भाग पुनर्विकासाला धरावा, एफएसआय वाढवून द्यावा, बिल्डर येतील, पेठ सुधारेल, पोरांना इथेच कामधंदा मिळेल... विचार वाईट नाही. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईला गेली, ती काही सगळी हौसेने गेली नाहीत. गावात नवं काही होऊच नये असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पण महाडात मजल्यांचा हिशेब मांडण्याआधी जोत्याचा मांडावा लागेल, आणि त्या जोत्यावर दुकान थाटून बसलेल्या माणसाचाही.

सावित्री महाबळेश्वराहून निघून पोलादपूरवरून येते, रायगडाच्या बाजूने गांधारी येते आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढते. वरचा लोंढा आणि खालची भरती एकाच वेळी आली की पाणी पेठेतच शिरणार. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते बाहेरगावच्या नातेवाइकांनी टीव्हीवर पाहिलं. इथल्यांनी ते माळ्यावर बसून पाहिलं.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. तिच्यात पूररेषा दोन आहेत. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवं बांधकाम जवळजवळ बंद. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास अटींवर होऊ शकतो. तिथे काय, किंवा निळ्या-लाल रेषांच्या मध्ये काय, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट वर हवं. नियम शहाणपणाचा आहे. पण त्याचा पेठेतला अर्थ लक्षात घ्या. सखल भागात रस्त्यालगतचं दुकान उचलून वर न्यावं लागणार. खाडीपट्ट्यातून नाहीतर पाचाडकडून एसटीने आलेली म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन जिना चढेल का? ती चढली नाही तर गिऱ्हाईक गेलं. आणि गिऱ्हाईक गेलं तर मग कसली आर्थिक वाढ? वर सदनिका विकल्या जातील, पैसा बिल्डरकडे जाईल आणि पेठ सुनी पडेल.

म्हणून नकाशा काढतानाच ठरवावं. खालचा मजला मोकळा ठेवावा, तिथे उघडीपीत भाजीवाल्या, मासेवाल्या बसतील, गाड्या राहतील. वरच्या दुकानांना रुंद, सोपा चढ द्यावा. माल ठेवायला पूररेषेच्या वर सामाईक गोदाम असावं. वाढीव एफएसआय द्यायचाच तर या गोष्टींच्या बदल्यात द्यावा, फुकट नको.

नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत, हेही कुणी सांगू नये. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली पाच मजली तारिक गार्डन कोसळली, सोळा जीव गेले. ती काही जुना वाडा नव्हती, दहा वर्षांच्या आतली होती. पोलादपूरला हाच प्रश्न पाण्याऐवजी डोंगराचा आहे. २०२१ च्या त्याच पावसात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. तिथे जागा वाढवायची म्हणून डोंगराचा पायथा कापायला निघालात तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता भाडेकरूंबद्दल. तीन पिढ्यांची दुकानं आहेत, पण कागद मालकाच्या नावावर. इमारत पाडली की दोन-तीन वर्षं धंदा कुठे करायचा? दोन दिवाळ्या हुकल्या की जुनं गिऱ्हाईकसुद्धा दुसरीकडे वळतं. पाडण्याआधी प्रत्येक दुकानदाराची नोंद, तिची यादी नगरपालिकेच्या फलकावर आणि तात्पुरती जागा पेठेजवळच, एवढं तरी व्हायला हवं.

नुसता ठराव होऊन भागत नाही, हे महाडकरांना शिकवायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव याच नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह येऊन ते पाणी प्यावं लागलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने ठराव मागे घेतला! तेव्हा प्रश्न माणुसकीचा होता, त्याची बरोबरी दुकानांशी मी करत नाही. पण ठराव आणि अंमल यांत किती अंतर पडू शकतं, ते या गावाने पाहिलं आहे. म्हणून अटी करारात हव्यात, सभेतल्या भाषणात नकोत.

शेवटी आमच्या भाचे-पुतण्यांना आणि ज्यांचे वाडे इथे आहेत पण संसार ठाण्या-पुण्यात आहेत अशा सगळ्यांना एक सांगणं. संमतीचा कागद तुमच्या घरी येईल. तुम्हाला किती चौरस फूट मिळणार ते त्यात ठळक लिहिलेलं असेल. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. जोतं किती उंच, आणि खालचा दुकानदार कुठे जाणार? उत्तर लेखी मागा. तोंडी मिळालं तर सही लांबवा, काही बिघडत नाही.