चाक, चावी आणि आपण

नांगराला बाईने हात लावायचा नाही, कुंभाराच्या चाकाला लावायचा नाही, या रूढी आपण जाणतो. मोटारीच्या चाकाला अशी बंदी नाही. तिथे ‘तुला नाही जमायचं’ एवढे पुरते. कार्यकर्त्या गाडी चालवत रात्री-अपरात्री गावोगाव जातात, पण पंक्चर झाले की कुणा पुरुषाची वाट पाहतात.

चोरी टाळण्यासाठी अनेक गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एक लॉक नट असतो. तो त्याच्या जोडीच्या चावीनेच, म्हणजे खाचा असलेल्या छोट्या सॉकेटनेच निघतो. चावी सापडत नसेल तर डिकीत, स्टेपनीजवळ, डॅशबोर्डच्या कप्प्यात पाहावे. कागदपत्रांत तिचा क्रमांक असल्यास नवी मागवता येते.

तेही न जमल्यास गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून ठेवावी. जॅक लावण्याआधीच, नटापेक्षा किंचित लहान सॉकेट हातोडीने त्यावर घट्ट ठोकावा आणि लांब दांड्याच्या पान्याने डावीकडे फिरवावा. डोळ्यांवर चष्मा हवा. नट वाया जातो. त्या जागी दुसरा बसवावा. नटाचे बाहेरचे कडे नुसतेच फिरत असेल, तर मात्र गॅरेजमधले खास हत्यार लागते.

इथे जोर दांड्याच्या लांबीतून येतो, मिशीतून नव्हे! म्हणून प्रत्येक गटाने चाक बदलण्याचे एक शिबिर घ्यावे आणि चावीची जागा व क्रमांक गाडीच्या वहीत लिहावा. हे ज्ञान एकीकडेच राहिले, तर उद्या तीही पुन्हा परावलंबीच.