खरे बायबल कोणते?

“सगळ्यात खरे बायबल कोणते?” हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला चौघांनी विचारला. एक माझा भाचा, नागपूरला असतो. दुसरा माझा जुना विद्यार्थी, आता गोंदियाकडे प्रवचने करतो. तिसरी धाकट्या बहिणीची सून, पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. आणि चौथ्या आपल्यातल्याच एक ब्लॉगवाल्या मैत्रीण. त्या ख्रिस्ती नाहीत, पण त्यांना एकदा वाङ्मय म्हणून वाचायचे आहे.

प्रश्न चांगला आहे. राग मला त्याच्या उत्तराचा येतो, जे हल्ली व्हॉट्सअॅपवर घरोघरी फिरते आहे. म्हणे इंग्रजी किंग जेम्स बायबल तेवढे अस्सल, मराठी भाषांतरे म्हणजे कामचलाऊ, आणि नव्या सोप्या भाषांतरांत तर ‘वचने गाळून’ टाकली आहेत! माझ्या विद्यार्थ्यानेच मला हा मजकूर पाठवला. त्याला मी सातवीत मराठी शिकवले आहे, म्हणून उत्तर देणे माझ्यावर आले.

मुळापासून घेऊ. येशू ख्रिस्त इंग्रजी बोलत नव्हता, एवढे तरी सगळ्यांना मान्य असावे. तो अरामी बोलायचा. शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीक भाषेत. म्हणजे त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते आधीच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊन. लिहिणाऱ्यांनी ‘तलीथा कूमी’, ‘एफ्फाथा’, ‘अब्बा’ असे चारदोन अरामी शब्द तसेच ठेवले आणि बाकीचे खुशाल ग्रीकमध्ये सांगितले. पवित्र भाषा एकच असा त्यांचा आग्रह असता तर हे पुस्तक झालेच नसते. प्रेषितांच्या कृत्यांत पन्नासाव्या दिवसाची जी गोष्ट आहे, तिचे सगळे नवल प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले यातच आहे. तिथे कोणी “आधी इंग्रजी शिकून या” असे म्हटल्याचे नमूद नाही.

किंग जेम्सबद्दल मला आदर आहे. १६११ साली सत्तेचाळीसेक विद्वानांनी केलेले ते काम आहे आणि त्याचे इंग्रजी फार देखणे आहे असे इंग्रजीचे जाणकार सांगतात. पण जे लोक ‘१६११चे अस्सल’ म्हणून छातीशी धरतात, त्यांच्या हातातली प्रत बहुधा १७६९ साली सुधारून छापलेल्या पाठाची असते. आणि १६११च्या मूळ छपाईत दोन करारांच्या मध्ये जी जादा पुस्तके होती, ती यांच्या प्रतीत नसतातच. मग गाळले कोणी?

आता ‘गाळलेल्या वचनांचे’. ही अफवा साध्या माणसाला घाबरवते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. १६११ साली भाषांतरकारांच्या हाती जी ग्रीक हस्तलिखिते होती ती बरीच उशिराची होती. पुढे त्यांहून कितीतरी जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली. सिनाय पर्वताच्या मठातली, चौथ्या शतकातली प्रत एकोणिसाव्या शतकात टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडिताने उजेडात आणली. या जुन्या प्रतींत काही ओळी आढळत नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट मत्तयाच्या जुन्या प्रतींत नाही. मार्काच्या सोळाव्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची वचने सिनायच्या प्रतीत नाहीत. म्हणून नवे भाषांतरकार त्या ओळी कंसात किंवा तळटीपेत देतात. याला चोरी म्हणायचे की प्रामाणिकपणा?

मराठी माणसाला तर हे समजायला काहीच अडचण नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी तंबीही दिली. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी आणखी जुनी पोथी म्हणून वेगळा पाठ छापला आणि त्यावर पंडितांचे वाद झाले. तेव्हा नाथांनी ज्ञानेश्वरी बुडवली असे कोणी म्हटले नाही. आमच्या बी.ए.ला पाठभेद हा शब्द पहिल्याच वर्षी भेटला होता. तो आमच्या प्रवचनकारांना अजून भेटायचा आहे. असो.

आणि मराठी कामचलाऊ? किंग जेम्स निघाले १६११ला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओव्यांत, दहा हजारांहून जास्त. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन आहे, हे मला ठाऊक आहे. पण मराठीला हा विषय पेलतो की नाही याचा निकाल तिथेच लागला. कॅरीसाहेबांनी सेरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले १८०५ला आणि नवा करार १८११ला. त्यांना मराठी शिकवणारे आणि मदत करणारे वैजनाथ पंडित कुठले, तर आपल्या नागपूरकडचे! पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली आपला वेगळा नवा करार काढला. मग सुधारणा होत गेल्या, त्यात बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकाचा हात लागला.

आणि मग पंडिता रमाबाई. मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते यांच्याबद्दल, कारण आमच्याच लोकांनी त्यांचे भाषांतर कपाटात ठेवले आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. संस्कृत शब्दांची रास घालायचा हक्क कोणाला असेल तर तो या बाईंना. पण त्यांनी केले उलटेच. प्रचलित भाषांतरातली जड संस्कृत पदे त्यांना खटकत. एक तर ती बायाबापड्यांना कळत नाहीत, आणि दुसरे म्हणजे त्यांना आधीच दुसऱ्या धर्मशास्त्राचे अर्थ चिकटलेले असतात. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्तीमध्ये सगळे बायबल पुन्हा मराठीत केले. शेवटपर्यंत हेच काम चालू होते. आदल्या वर्षी मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली निघाले. छापखाना मुक्तीचाच, आणि तिथे काम करणाऱ्या होत्या दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या बायका.

त्यांचे भाषांतर आज वाचायला सोपे आहे का? नाही. मुळाच्या वाक्यरचनेला त्या इतक्या चिकटून चालतात की मराठी कान जागोजागी ठेचकाळतो. पण मुळात काय आहे याचा वास जेवढा तिथे येतो तेवढा मला गुळगुळीत मराठीत येत नाही.

बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ आमच्या घराघरांत आहे आणि माझे लहानपण त्यावरच गेले. त्यातले काही शब्द तर मराठीचे धन आहेत. ‘कैवारी’ घ्या. पवित्र आत्म्यासाठी योहानात जो ग्रीक शब्द आहे त्याचे इंग्रजीत प्रत्येक भाषांतर वेगळे नाव ठेवते. कोणी सांत्वन करणारा म्हणतात, कोणी वकील, कोणी मदतनीस. मराठीत एकच शब्द, आणि त्यात हे तिन्ही आले. ‘नवा करार’मधला करार तर कोर्टकचेरीचा, अरबीतून आलेला, आणि किती चपखल! प्रभूच्या प्रार्थनेतली ‘भाकर’ घ्या. आपला हा धानाचा जिल्हा, आम्ही सकाळ-संध्याकाळ भात खाणारे. पण ‘भाकर’ म्हटले की पोटाचा प्रश्न आहे हे इथल्या लहान पोरालाही कळते. तिथे पाव घातला असता तर ती प्रार्थना चहाबरोबरची झाली असती :)

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींचाही समाचार घेते, नाहीतर माझ्या वयाचे सगळे खूश होतील. सोप्या मराठीतले बायबल दिसले की नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ. “हे काय वर्तमानपत्रासारखे!” म्हणतात. अहो, मार्काचे ग्रीकही साधेच आहे म्हणतात, बाजारात बोलतात तसले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केले. २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२४ मध्ये गेले. त्यांचे बायबल कॅथलिकांचे म्हणून न उघडणारे माझ्या ओळखीत आहेत. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तके आणि आपल्यात सहासष्ट, हा फरक खराच. पण शुभवर्तमाने दोघांकडे चारच आहेत की! चांगले मराठी कोणी लिहिले असेल तर ते वाचावे, लिहिणाऱ्याचा चर्च कुठला हे नंतर पाहता येते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे यजमान गेले. काकू चौथी शिकलेल्या, वय ऐंशीच्या पुढे. बोली आमची झाडीची, ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘शास्त्र’चे ‘सास्तर’. घरच्या प्रार्थनेला बाहेरून एक तरुण प्रवचनकार आले होते. त्यांनी तेविसावे स्तोत्र इंग्रजीत वाचले आणि त्यावर हिंदीत बोलले. काकू पदर तोंडाला लावून, गाडी कुठली लागली ते न कळलेल्या प्रवाशासारख्या बसून होत्या. ते स्तोत्र त्यांना लहानपणापासून पाठ आहे. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, “बाई, तेविसावं वाचलं का जी त्यानं?”

भाषांतर कोणते निवडायचे याची माझी कसोटी त्या दिवसापासून पक्की आहे. मोठ्याने वाचल्यावर घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला ते लागले पाहिजे. बाकीचे वाद त्यानंतर.

आता ज्याचे त्याला उत्तर. विद्यार्थ्या, तू दोन मराठी भाषांतरे शेजारी शेजारी ठेव, एक सोपे आणि एक रमाबाईंचे. जिथे दोघांचे पटत नाही तिथे थांब, तिथेच तुझे प्रवचन आहे. पुण्याच्या सूनबाई, मोबाइलवर फुकट मिळते म्हणून सहा भाषांतरे उतरवून घेतलीस, त्यातले एक तरी मार्कापासून सलग वाच. मैत्रीणबाई, तुम्ही लूक, रूथ आणि उपदेशक दिब्रिटोंच्या मराठीत वाचा. आणि सोबत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा चाळा. टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत भेटलेल्या एका साहेबाशी जे बोलणे झाले, त्यातून हे सगळे सुरू झाले. ती गाडी आपल्या भंडारा रोडवरूनच जाते! त्या साहेबाने दिलेले पुस्तक टिळकांनी कितीदा वाचले असेल ते असो, त्याचे त्यांनी मराठीत काय केले ते आपण अजून गातो आहोत.

राहिला भाचा. लेकीच्या दृढीकरणाला तू चामडी बांधणीचे, सोनेरी कडांचे किंग जेम्स घेणार आहेस असे कळले. मुलगी इंग्रजी शाळेत आहे, मराठी अडखळत वाचते, हे तुझे म्हणणे खरे आहे. मग इंग्रजीच द्यायचे तर आजच्या इंग्रजीतले दे, चारशे वर्षांपूर्वीचे ती वाचणार नाही, काचेच्या कपाटात ठेवील. पण मराठीही दे. अडखळू दे तिला. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे पाठव, रोज संध्याकाळी एक अध्याय काकूंना वाचून दाखवायचा, चुकेल तिथे काकू सांगतील.

आणि हो, त्यासाठी मोठ्या टायपातले मराठी ‘पवित्र शास्त्र’ हवे आहे. माझ्या प्रतीचा टाइप बारीक आहे आणि ट्यूबलाइटखाली दिसत नाही. कोणाकडे जादा प्रत असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.