मागे बसणाऱ्याचं गाणं

कुठल्याही रॉक बँडचा फोटो आठवा. पुढे सिंगर, बाजूला गिटारवाले आणि पार मागे, सिंबल्सच्या आड अर्धामुर्धा दिसणारा ड्रमर. आपल्या ऑफिसातही असा एक जण असतोच. त्याच्यावाचून काम अडतं, पण प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर त्याचं नाव नसतं. (तो तुम्हीच असाल तर सॉरी!)

'रेडिओहेड'चा फिल सेल्वे हा त्यातलाच. १९८५ साली ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डनमध्ये शाळेतल्या पोरांनी हा बँड काढला, तेव्हापासून हा ड्रम्सवर. कॉलेजात असताना मी 'ओके कम्प्युटर'ची पारायणं केली, ती टॉम यॉर्कच्या आवाजासाठी. मागे ताल कोण धरून बसलंय, याचा विचार कधी डोक्यातही आला नाही.

मग हाती लागला 'फॅमिलिअल'. सेल्वेचा पहिला सोलो अल्बम, २०१० चा. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. मला वाटलं, आता ड्रमरचा अल्बम म्हणजे नुसती धडाडधूम असणार. कसलं काय! अकूस्टिक गिटार आणि कानाशी बोलल्यासारखा हळू आवाज. गाणी घरातल्या माणसांची, आईच्या जाण्याची. आणि खरी गंमत पुढेच. ड्रम्सवर आहे 'विल्को' बँडचा ग्लेन कोची! ज्या कामासाठी जग ओळखतं, तेच यानं दुसऱ्याला देऊन टाकलं. २०२३ च्या 'स्ट्रेंज डान्स'मध्येही ड्रम्स व्हॅलेंटिना मॅगालेट्टीचे आहेत.

हे एका रात्रीत झालं नाही. नील फिनच्या '७ वर्ल्ड्स कोलाइड' या प्रोजेक्टसाठी तो न्यूझीलंडला गेला होता. २००९ मध्ये आलेल्या त्या अल्बममध्ये त्यानं स्वतःची गाणी स्वतः गायली. आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधल्या 'समॅरिटन्स' या हेल्पलाइनवर तो कित्येक वर्षं व्हॉलंटिअर होता. खचलेल्या माणसांचे फोन घ्यायचे, त्यांचं ऐकून घ्यायचं. इतकी वर्षं ऐकणारा माणूस गायला लागला, की ओरडत नाही. या अल्बममध्ये ते जाणवतं.

हे सगळं मी रात्री दीड वाजता ऐकत होते. समोर एका बिल्डरचं ब्रोशर आणि एका साहेबांच्या नावानं छापून येणारा लेख. शब्द माझे, फोटो साहेबांचा. तक्रार नाही, भाडं त्यावरच निघतं. पण माझ्या डेस्कटॉपवर 'माझं' नावाचं एक फोल्डर आहे. आत सहा अर्धवट कथा. शेवटची उघडली त्याला दोन वर्षं झाली. कारण विचाराल, तर वेळ नाही. खरं कारण, भीती. 'हिला हे कुणी सांगितलं होतं?' असं कुणी म्हटलं तर?

सेल्वेनं बँड सोडला नाही. तिथे ताल धरला आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी केली. म्हणजे राजीनामा बिजीनामा द्यायची गरज नाही, बॉस.

ब्रोशर सकाळी दहाला गेलं. साडेदहाला मी फोल्डर उघडलं. पहिली कथा भयंकर वाईट आहे. दुसरीत मात्र दम आहे.

तुमच्या फोल्डरचं नाव काय?